बुरुजावरची खोली

"मावशी, आजोबा जिन्यापाशी आले बघ," भाची पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली.

हे आजोबा आमचे कोणी नव्हेत. एका तटबंदीच्या शेतघरात जन्मलेला हा शेवटचा हयात माणूस, वय ब्याण्णव. कॉम्प्युटरमधलं घर डोळ्यांपुढे उभं करणारा जाडजूड चष्मा चढवून ते संग्रहालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये उभे होते. त्यांना जे दिसत होतं ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं. खरं शेतघर तीस वर्षांपूर्वी रस्त्यासाठी पाडलं. त्याआधी त्याची मोजणी केली ती मी, सरकारी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी पदाचं नाव तेच. माझ्या वहीवरून भाचीने ते कॉम्प्युटरवर पुन्हा उभं केलं होतं.

"इंच न् इंच तुझ्या वहीतला," ती कौतुकाने म्हणाली.

तेच तर दुखणं होतं. गोठा, कोठारं, भिंतीतली बंदुका रोखायची भोकंसुद्धा मी फीत लावून मोजली होती. बुरुजाचा लाकडी जिना मात्र तिसऱ्याच पायरीला करकरला आणि माझं धाबं दणाणलं. तशीच खाली उतरले. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून खालच्या खोलीचेच आकडे वरच्या खोलीला ठोकून दिले. साहेबांनी सही केली. एरवी दुसऱ्याच्या नकाशात पाव इंचाची चूक काढून त्याला रडवणारी मी, पण या एका पानाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आणि ही पोरगी माझ्याकडे बघून या धंद्यात आली. आज तिला कळणार होतं.

"दमले असतील गं, थांबवूया," मी म्हटलं.

"दमायला काय झालंय मला?" आजोबा म्हणाले. "वरच तर जायचंय. माझी आई त्याच खोलीत वारली."

पडद्यावर ते वरच्या खोलीत पोचले. चारही बाजूंना नुसती भिंत. त्यांनी डावा हात पुढे करून हवेत चाचपलं. मग पुन्हा चाचपलं.

"खिडकी कुठाय?"

भाचीने वहीची पानं उलटली. "वहीत खिडकी नाहीये, आजोबा. इतक्या वर्षांत विसरायला होतं."

"होती की." मग त्यांचा आवाज उतरला. "होती ना? आईला उशीला टेकवून बसवलं की तिथून शेत दिसायचं तिला. का मीच आपलं मनाने..."

गप्प बसले असते तर सुटले असते. मी उठून आजोबांजवळ गेले.

"तुम्ही नाही विसरलात," मी म्हटलं. "मी वर गेलेच नव्हते. घाबरले. आकडे मी मनाने लिहिले."

भाचीने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. वही तिने माझ्यापुढे सरकवली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"मग आता घे की मोजून," आजोबा म्हणाले. "खिडकीचा काठ माझ्या हनुवटीला लागायचा. सात वर्षांचा होतो मी."

सात वर्षांच्या पोराएवढी होऊन मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. चष्म्यामुळे मी त्यांना दिसत नव्हते. त्यांचा हात माझ्या डोक्यावरून, कपाळावरून चाचपत हनुवटीवर आला.

"अजून जरा वाक." मी वाकले. "हां. इथं."

भाची उठली. माझ्याकडे न बघता तिने फितीचं टोक जमिनीला लावलं, फीत माझ्या हनुवटीपर्यंत ताणली आणि आकडा वाचला. मी वरच्या खोलीचे जुने आकडे खोडून खिडकीचा हा आकडा लिहिला. शेजारी लिहिलं, 'घरातल्या माणसाच्या सांगण्यावरून'. वही गुडघ्यावर होती, अक्षर वाकडं आलं. ते तसंच राहू दिलं.