फरशीवरच्या मुंग्या

आमच्या घरात कोणीतरी चोरून गोड खातंय, हे मला नवरात्रातल्या पाचव्या माळेला कळलं.

एकतीस वर्षं मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. गाडीत चढलो की पहिल्या नजरेत ओळखायचो, बिनतिकीट कोण आहे. तो माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघत असतो. निवृत्त होऊन तेर गावी घरी बसलो, तरी ही नजर काही गेली नाही. आमची मंडळी, शिवकांता, म्हणते की नोकरी सुटली पण तुमचा संशय काही रिटायर झाला न्हाय. म्हणू दे.

तर त्या दिवशी दुपारची झोप काढून उठलो आणि शहाबादी फरशीवर बारीक लाल मुंग्यांचा पुंजका दिसला. बोराएवढा चिकट डाग आणि त्याभोवती या जमलेल्या. दोन हातांवर दुसरा पुंजका, त्यापुढं तिसरा. मुंगी काही उगाच येत नाही. पाक सांडला असणार, गुलाबजामचा नाहीतर जिलेबीचा. मला आठ वर्षांपासून शुगर आहे. मला बिनसाखरेचा चहा आणि कारल्याची भाजी द्यायची, आणि मी झोपलो की आपण पाक चाटायचा. मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

संशय सरळ सुनेवर गेला. शिवलीला. आमचा मल्लेश पुण्याला कंपनीत आहे आणि ही गावात आशाताई म्हणून काम करते. गावभर लोकांच्या शुगर-बीपीच्या नोंदी करत हिंडते, त्यामुळं घरातही आपलीच हुकूमत चालावी असं तिला वाटतं. घटस्थापनेपासून तर ती माझ्या पायांच्या मागंच लागली होती.

त्याचं कारण असं. नवरात्रात नऊ दिवस मी पायात काही घालत नाही. आमच्याकडं निम्मं गाव घालत नाही. गावाबाहेर देवीचं देऊळ आहे, दीड किलोमीटर डांबरी रस्ता. दुपारच्या आरतीला अनवाणी जायचं, घरी येऊन पाय धुवायचे, जेवायचं, झोपायचं. यंदा धाराशिवच्या डॉक्टरांनी मनाई केली होती. ते म्हणाले, "शुगरमुळं तुमच्या पायांची जाणीव कमी झालीय. साधा फोड आला आणि चिघळला तर पाय कापायची वेळ येते. अनवाणी चालू नका आणि रोज तळवे बघत जा." मी मान हलवली आणि घरी आलो. शिवलीलेनं मात्र ते पाठ केलं. रोज संध्याकाळी तिचं एकच पालुपद, "मामा, तळवे दाखवा."

मी दाखवत नव्हतो. एक तर सुनेपुढं पाय वर करून बसणं बरं दिसत नाही. दुसरं म्हणजे तिला माझं व्रत मोडायचंय, अशी मला शंका होती. आणि दाखवायचं तरी काय? ऊन असं कडक, की डांबरावर बरोबरचे लोक उड्या मारत चालायचे. माझा जोडीदार बंडप्पा तर रस्ता सोडून गवतातून यायचा. मला काहीच भाजत नव्हतं.

"नागप्पा, तुला देवी पावली गड्या," बंडप्पा म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. इतक्या वर्षांच्या सेवेचं फळ म्हणून मी आणखी सावकाश, ताठ मानेनं चालायला लागलो.

सहाव्या माळेला मी नीट पाळत ठेवली. देवळाला जाताना फरशी बघितली, लख्ख पुसलेली. झोपून उठलो तर डाग हजर, कालच्यापेक्षा मोठे. मी माग काढला. पहिला डाग मोरीपाशी, दुसरा माझ्या जेवायच्या पाटाजवळ आणि शेवटचा थेट माझ्या खाटेखाली. म्हणजे मी घोरत पडलो की या दोघी माझ्या उशाशी उभ्या राहून खातात? इतका निगरगट्टपणा मी कळंब डेपोतसुद्धा बघितला नव्हता.

बरं, स्वयंपाकघरात सासू-सुनेची कुजबुज चालायची आणि माझी चाहूल लागली की भांडी वाजायला लागायची. माझ्या मनात पाल चुकचुकली ती उगाच नाही.

सातव्या माळेला देवळातून आलो, जेवलो आणि आडवं व्हायच्या आधी सहज वर बघितलं. कपाटावर, जुन्या चादरीआड, खोक्याचा कोपरा दिसत होता. मी स्टूल घेतलं, खोकं काढलं आणि दोघींना हाक मारली. मुद्देमाल समोर ठेवूनच बोलायची माझी पद्धत आहे.

"हे काय हाय?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मी झाकण काढलं. आत बूट होते. काळे, मऊ, रुंद तोंडाचे, नऊ नंबर.

"तुमच्यासाठी आणलेत, मामा," शिवलीला म्हणाली. "शुगरवाल्यांचे असत्यात. दसरा झाल्यावर देणार होतो. आत्ता दिले असते तर तुमी चिडला असता."

मी चिडलोच. पेढे सापडायला हवे होते आणि सापडले बूट, याचाही राग होताच.

"मग पाक कुणी सांडला? रोज मुंग्या येत्यात घरात. मला फिका चहा अन् तुमाला गुलाबजाम व्हय?"

"कसला पाक?" शिवकांता म्हणाली. "साखरेचा डबासुद्धा घासून पालथा घातलाय म्या."

मी फरशीकडं बोट दाखवलं. मोरीपासून खाटेपर्यंत ताजे डाग होते आणि मुंग्या यायला लागल्या होत्या. शिवलीला खाली बसली. तिनं डागाला बोट लावलं, नाकाशी नेलं. मग उठली आणि डागामागून डाग बघत निघाली. शेवटचा डाग मी उभा होतो तिथं, स्टुलाजवळ होता. तिनं खाटेवरची चादर उचलली. पायथ्याशी पिवळट डाग वाळला होता आणि तिथंही मुंग्या होत्या.

तिचा चेहरा उतरला. तिनं माझा दंड धरून मला खाटेवर बसवलं.

"मामा, पाय वर घ्या."

तिचा आवाज असा होता की मी घेतला. शिवकांतानं तोंडावर पदर धरला. दोघींच्या तोंडाकडं बघून मला काहीच कळेना. माझं पोट सुटलंय, तळवा मला दिसत नाही. शिवलीलेनं मोबाईलवर फोटो काढला आणि माझ्यापुढं धरला. अंगठ्याखाली मोठा फोड फुटून कातडी सोलवटली होती, आत लाल आणि कडेनं पांढरं. त्यात रस्त्याची कच.

"हा कुणाचा पाय?" मी विचारलं.

"तुमचा."

"खोटं बोलू नको. तुझ्या मोबाईलवर असले फोटो येत असतेत, मला म्हाईत हाय."

ती वाद घालत बसली नाही. तिनं माझा उजवा हात धरला आणि माझं बोट माझ्याच तळव्याला नेऊन टेकवलं. बोट ओलं झालं, फरशीवरच्या डागांसारखं चिकट. बोटाला सगळं कळत होतं, सोललेली कातडी, कडा, कच. पायाला काहीही कळत नव्हतं. मी घाबरलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

शिवकांता हळदीचा डबा घेऊन धावत आली.

"आत्या, कायबी लावू नका," शिवलीला म्हणाली. तिनं स्वच्छ पाण्यानं जखम धुतली, कोरडी पट्टी सैल बांधली आणि मला एक पाऊलही टाकू दिलं नाही. शेजारच्यांची जीप दारात आणून तासाभरात धाराशिव गाठलं.

डॉक्टरांनी मेलेली कातडी कापून काढली. मी त्यांची कात्री बघत होतो आणि दुखत नव्हतं, हेच सहन होत नव्हतं.

"हाडापर्यंत गेलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "ॲडमिट करू. पाय वाचेल असं वाटतं. अंगठ्याचं आठ दिवसांनी सांगतो. आता दुसरा पाय बघू. डोळे मिटा. मी तळव्याला बारीक तार लावीन, कळलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"हो," मी म्हणालो. आणखी थोडा वेळ गेला. "हो." मग पुन्हा, "हो."

कोणीच बोलेना म्हणून डोळे उघडले. तार टेबलावर पडली होती आणि डॉक्टरांनी दोन्ही हात छातीशी बांधले होते. त्यांनी माझ्या पायाला हातच लावला नव्हता.

"मामा," शिवलीला हळूच म्हणाली, "कवापासून कळत न्हाय?"

सांगावं लागलं. "शिवरात्रीपासून. देवळातनं येताना एक चप्पल कुठं गळाली ते समजलंच न्हाय. घरी आलो तवा एकाच पायात व्हती."

शिवकांता रडायला लागली. त्या दिवशी उरलेली चप्पल लपवून मी कांगावा केला होता, की दारातली माझी चप्पल सुनेनं भंगारवाल्याला दिली. चार दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो. तिनं एका शब्दानं उलट उत्तर केलं नव्हतं, गुपचूप नवा जोड आणला होता. मला तिच्याकडं बघवेना.

शिवलीला खाली बसली, माझा दुसरा पाय हातात घेतला आणि बोटांच्या बेचक्या एकेक उघडून बघायला लागली. तिचा तळहात माझ्या तळव्याला टेकला होता. मला तो फक्त दिसत होता.