रेनेलचा फोन

रविवारची प्रार्थना आटोपून पाद्री गिडियन आणि त्यांची बायको ओडील डेल्फीनकडे जेवायला आले होते. तिने गम्बोचा दाट रस्सा वाढायला घेतला, तोच फोन वाजला. कमी ऐकू येत असल्यामुळे तिचा फोन नेहमी स्पीकरवरच असे. "हा फोन महिला तुरुं..." एवढे यांत्रिक शब्द उमटताच तिने झडप घालून तो तोडला.

"विमावाले मेले! रविवारीही सोडत नाहीत."

ओडील हसली. "आणि रेनेल काय म्हणते? शिकागोत रमली का?"

"रमली हो. मान वर करायला सवड नाही पोरीला."

"आमच्या थेरॉनचंही तसंच. सैन्यात पोराला कुठली सवड!" ओडील म्हणाली.

रेनेल शिकागोत नव्हती. ती इथेच, लुइझियानातल्या तुरुंगात होती. नवऱ्याने घरात दडवलेल्या चोरीच्या मालापायी तीही पकडली गेली होती. चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्या डेल्फीनला हे बाहेर कळू द्यायचे नव्हते.

आतल्या खोलीत डेल्फीनचा नवरा, रेनेलचा बाप अल्सीद अर्धांगाने खिळलेला होता. पाहुणे गेल्यावर त्याने जड जिभेने विचारले, "रेनेल होती?"

"नाही. आठवण असती तर केला असता."

पुढचेही फोन तिने तसेच तोडले. अल्सीद रोज विचारायचा. नंतर नंतर तो विचारेनासा झाला. लेक आपल्याला विसरली, हेच मनात घेऊन एका पहाटे तो गेला.

दफन करून लोक घरी जेवायला जमले असताना फोन पुन्हा वाजला. डेल्फीनचे बोट सवयीने तोडायला गेले. समोर अल्सीदची रिकामी खाट दिसत होती. तिने फोन घेतला आणि यांत्रिक आवाजाला "हा फोन महिला तुरुंगातून" एवढे पुरे करू दिले.

"ममा! घेतलास? मला वाटलं, नंबरच बदललास. आधी पपाला दे ना, वेळ थोडा असतो."

जमलेल्यांच्या माना फोनकडे वळल्या.

"पपा गेला गं. आत्ताच पुरून आलो."

पलीकडून मग बारीक आवाजात, "माझी आठवण काढली का त्याने?"

खोटे बोलणे सोपे होते.

"रोज विचारायचा, तुझा फोन आला का म्हणून. मी नाही म्हणायचे. सगळे फोन मीच तोडले, बाळ. या लोकांची लाज वाटली मला."

हुंदका ऐकू आला आणि वेळ संपून फोन तुटला.

कुणी कुणाकडे पाहीना. ओडीलने हातातली बशी खाली ठेवली.

"डेल्फीन," ती म्हणाली, "आमचा थेरॉनही सैन्यात नाही गं. तोही आतच आहे."

पाद्रींनी ओंजळीत तोंड लपवले. आपापल्या घरी कोणकोणते फोन तोडले गेले, ते त्या खोलीतल्या आणखी किती जणांना आठवले असेल, देव जाणे.

त्या दिवशी रेनेलचा फोन पुन्हा आला नाही. पुढच्या रविवारी डेल्फीन चर्चला गेली, ती फोन चालू ठेवूनच. ऐन प्रवचनात तो वाजला. यांत्रिक आवाजाने तुरुंगाचे नाव पुरते घेतले, सगळ्यांनी ऐकले. पहिल्या रांगेतून ती उठून उभी राहिली.

"बोल, बाळ," ती म्हणाली, "मी ऐकतेय."