आधी गज, मग करवत

मी चालती गाडी होते, मित्रांनो. हे सर्वांत आधी सांगते, कारण आज मला पाहणाऱ्या कोणालाही ते खरे वाटत नाही. छप्पर नाही, चाके नाहीत, चार लाकडी ठोकळ्यांवर बसवलेले हे धूड एके काळी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या बर्फातून रोज तीस मैल धावत होते, असे म्हटले तर लोक गालातल्या गालात हसतात.

माझा जन्म एकोणीसशे चौतीसचा. दोन दारे, आठ सिलिंडर, काळा रंग. मिस अल्मा सोडरग्रेन नावाच्या नर्सबाईंनी मला घेतले. मक्याच्या शेतांत एकेकटी घरे असत, तिथे जाऊन त्या बाळंतपणे करत. हिमवादळात, चिखलात, कशातही मी त्यांना वेळेवर पोहोचवले. पुढे बाईंना डोळ्यांनी दिसेनासे झाले आणि एक्कावन्न साली त्यांनी मला व्हर्नन टेशला विकले.

"चालवशील ना रे हिला? नुसती उभी नाही ना करून ठेवणार?" बाईंनी विचारले.

"बाई, तुम्ही चालवलीत त्याच्या दुप्पट वेगानं चालवीन," व्हर्नन म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता. म्हणून तर मला त्याचा अजून राग येतो. खोटारड्याला माफ करणे सोपे असते.

व्हर्नन तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि गावच्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याचा जिवलग मित्र मिलो कुबिक शेतीची अवजारे वेल्डिंग करून द्यायचा. दोघांना एकच वेड लागले होते. जुनी गाडी घ्यायची, नको ते सगळे काढून टाकायचे, छपराचे खांब कापून ते बुटके करायचे, इंजिन तगडे करायचे आणि युद्धाच्या वेळच्या ओसाड धावपट्टीवर रविवारी सुसाट सोडायची. अशा गाडीला ते हॉट रॉड म्हणत.

पहिल्या आठवड्यात माझे मडगार्ड निघाले, बॉनेट निघाले, पायऱ्या निघाल्या. चारचौघांत अंगावरचे कपडे उतरवल्यासारखे मला झाले. तरी मी मनाला लावून घेतले नाही. दोघे मित्र इतके हसतखिदळत काम करत होते, की आपले काहीतरी भलेच होणार असे मला वाटले. मिलोने शेडच्या भिंतीवर खडूने कामांचा क्रम लिहिला. आधी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मग ब्रेक, मग इंजिन. छप्पर सगळ्यात शेवटी.

"आणि छपराला हात लावायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे गज वेल्ड करायचे," तो म्हणाला. "नाहीतर हिचं अंग पसरेल आणि दारं जन्मात लागणार नाहीत."

"माहीत आहे रे बाबा. आजीबाईसारखा काय मागे लागतोस," व्हर्नन म्हणाला.

त्याच आठवड्यात मिलोची आई वारली. व्हर्ननची स्वतःची आई तो लहान असतानाच घर सोडून गेली होती; त्याला खाऊपिऊ घातले ते या माउलीने. आलुबुखाराचे सारण भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव भट्टीतून काढले, की त्यातले दोन ती व्हर्ननसाठी झाकून ठेवी. शनिवारी सकाळी दहाला दफनविधी होता. शवपेटी सहा जणांनी उचलायची, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. मिलोने सहावा म्हणून व्हर्ननचे नाव सांगितले. व्हर्ननने मान हलवली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. हे मी पाहिले आहे, म्हणून सांगते.

मग गुरुवारी हॅरल्ड पिंकनी शेडमध्ये डोकावला. याला दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवण्याखेरीज उद्योग नव्हता.

"ही हॉट रॉड होय? मला तर अजून नर्सबाईंचीच गाडी दिसते. कोणाला प्रसूतीला न्यायचंय का रविवारी?"

"रविवारी ये आणि बघ," व्हर्नन म्हणाला.

"बघायला काय असणार? मिलो हात धरायला नसला, तर तुला नटसुद्धा फिरवता येत नाही."

झाले. एवढेसे ते वाक्य, पण व्हर्ननच्या डोक्यात जाऊन बसले. चासी केली तर ती खाली वाकून पाहावी लागते. ब्रेक कोणाला दिसत नाहीत. छप्पर मात्र रस्त्यावरून दिसते. शनिवारी उजाडताच त्याने करवत घेतली. काळा सूट खिळ्याला टांगलेला होता. गज लावायला वेल्डिंग यावे लागते. ते मिलोला येत होते, याला नव्हते. म्हणून गज नाहीतच. नऊपर्यंत आटपेल, असे तो स्वतःशीच म्हणाला.

नऊ वाजता छपराचे दोन खांब कापून झाले होते आणि तिसऱ्यात करवत अडकली होती. छप्पर एका बाजूला लोंबत होते. दहाला चर्चची घंटा वाजू लागली. व्हर्नन थांबला. त्याने सुटाकडे पाहिले, हातांच्या काजळीकडे पाहिले. "अर्धा तास," तो म्हणाला आणि पुन्हा करवत ओढू लागला. त्या वेळी माझ्या अंगातून जी कळ गेली, ती नुसत्या पत्र्याची नव्हती.

दुपारी मिलो आला, अंगावर काळा सूट तसाच. त्याने माझे दार ओढून पाहिले. लागले नाही. खांद्याने रेटले. चौकट पसरली होती. दोन बोटे फट राहिली.

"मी निघणारच होतो, मिलो," व्हर्नन म्हणाला. "पण छप्पर अर्धं लोंबत होतं, तसं कसं टाकून येणार?"

"आईला पाच जणांनी उचललं," मिलो म्हणाला. "पेटी एका अंगाला कलली. सगळ्या गावानं बघितलं."

"अरे, पण मी..."

"तुझी गाडी आहे. तूच पुरी कर."

त्याने आपले वेल्डिंगचे सामान गोळा केले आणि तो गेला. रविवारी हॅरल्ड आला, पोटभर हसला आणि तोही गेला.

व्हर्ननने पुढे इतर कारागीर आणले. प्रत्येक जण मला पाहून एकच विचारी, "गज न लावता कापलं कोणी?" व्हर्नन खाली बघे. मग त्याने कोणाला आणणेच सोडले. माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर नाताळच्या सजावटीचे खोके आले, खोक्यांत उंदीर आले. पाहुण्यांना तो मात्र ऐटीत सांगे, "पुढच्या वसंतात हिला रस्त्यावर काढतो."

"कुठल्या वसंतात ते नक्की सांग," त्याची बायको डोलोरेस म्हणे. "म्हणजे तोवर जिवंत राहायचं मी बघते."

अठरा वर्षांनी एका दुपारी मिलो आपणहून शेडच्या दारात उभा राहिला. कानांजवळचे केस पांढरे, टोपी हातात. त्याने माझ्या कापलेल्या खांबांवरून बोट फिरवले.

"अजून जमेल," तो म्हणाला. "दोन आठवडे लागतील."

माझ्या गंजलेल्या इंजिनात धुगधुगी आली, मित्रांनो. व्हर्ननचा चेहरा उजळला.

"मला ठाऊक होतं, तू येशील. हे पुढचे खांब तिरके आहेत बघ, तेवढं लक्षात ठेव."

"ठेवीन. आणखी काही बोलायचंय?"

मिलो वाट पाहत उभा राहिला. ज्या कामासाठी तो आला होता, ते खांबांचे नव्हते, हे माझ्यासारख्या लोखंडालाही कळले. व्हर्ननने घसा खाकरला.

"मागची काच पण बघ जरा. ती आता बसेल का?"

मिलोने टोपी डोक्यावर घातली. "नाही बसणार," तो म्हणाला आणि आल्या वाटेने निघून गेला. त्यानंतर तो कधी आला नाही. गेल्या हिवाळ्यात तो वारला.

व्हर्नन आता म्हातारा झाला आहे. अजूनही शेडमध्ये येतो, टेप लावून माझे खांब मोजतो, कागदावर आकडे लिहितो आणि चूक कुठे झाली ते शोधतो. चूक माझ्या खांबांत नाही, हे मला त्याला ओरडून सांगावेसे वाटते. पण पहिल्याच आठवड्यात या दोघांनी माझा हॉर्न काढून ठेवला.

मला दुरुस्त करा असे मी आता कोणालाच म्हणत नाही. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. समोरचा माणूस टोपी हातात घेऊन उभा आहे, तोवर ते उघडा.