एकसारखे आवाज

जाहिरात बंद करायची फुली दिसायला अठ्ठावीस सेकंद लागत, आणि दिसली तरी ती तिळाएवढी. सुलक्षणाचं बोट दुसऱ्यांदा चुकलं आणि रमीची जाहिरात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"घावलं का गं?" आईने विचारलं.

"थांब जरा, आये."

दोघी खडकावर उभ्या होत्या. वस्तीत रेंज मिळायची ती इथेच. वरच्या उतारावर पाच म्हशी चरत होत्या आणि खाली यायचं नाव घेत नव्हत्या.

सकाळी भोरच्या वाचनालयात तिला शेजारच्या रोहिदासचा फोन आला होता. म्हादूतात्यांच्या हाका मोबाईलमधून गेल्या, म्हशी दोन दिवस रानातच आहेत, काल बिबट्याने एक रेडकू नेलं, आणि काकू जेवत नाहीत, असं त्याने सांगितलं. हिर्डोशीला एसटी सोडून सुलक्षणा तासभर चढून आली होती.

म्हादू तिचा बाप. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तो हाका साठवायला लागला. रोज दिवेलागणीच्या आधी याच खडकावर उभा राहून म्हशींना हाक मारायचा आणि ती मोबाईलमध्ये भरून ठेवायचा. चाळीस दिवस, चाळीस हाका. एक पुरे की, असं सुलक्षणा तेव्हा म्हणाली होती. त्यावर तो हसला होता. "धुक्याची येगळी, वाऱ्याची येगळी. रेडकू मागं ऱ्हायलं तर त्याची येगळी. रोज एकच हाक मारणारा लबाड असतो, म्हशीला कळतं ते."

तो जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिने आई मोबाईल डोक्यावर धरून इथे उभी राहायची आणि म्हशी उतरून यायच्या. वैरण घालायची, धारा काढायची ती. पण म्हशी वळायच्या त्याच्या हाकेवर.

त्या हाका सुलक्षणाला आपल्या फोनवर घ्यायच्या होत्या. दर खेपेला राहून गेलं. घेताना ऐकाव्या लागल्या असत्या, म्हणून राहून गेलं.

जाहिरात एकदाची सरली. सफाईचं ॲप उघडलं. फोन भरला की पडद्यावर लाल पट्टी यायची आणि आई घाबरायची, म्हणून पावसाळ्याआधी सुलक्षणानेच ते घालून दिलं होतं. फुकट होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून खूण सांगितली होती: केरसुणीचं चित्र आलं की दाबायचं. आतापर्यंत ती केरसुणी फोटोंवरून फिरायची. या आठवड्यात ॲपने स्वतःला नवं करून घेतलं आणि ती आवाजांवरूनही फिरू लागली.

'एकसारखे आवाज: ४१. त्यातला सर्वोत्तम आम्ही तुमच्यासाठी ठेवला आहे. ४० कचरापेटीत.' साफ करायचं बटण हिरवं, तळहाताएवढं. 'निवड बदला' हे शब्द राखाडीवर राखाडी, मुंगीच्या पायाएवढे. ज्याने हे आखलं त्याला आपल्या आईसारखी बाई नेमकी ठाऊक असणार, असं सुलक्षणाला वाटलं. ठाऊक असल्याशिवाय इतकं नेमकं जमत नाही.

पेटीतला माल तीस दिवस टिकतो, पण परत घ्यायचा तर प्रीमियम हवं. आठवड्याला दोनशे नव्याण्णव. तिने भरले. पडद्यावर रंगीत कपटे उडाले, सोनेरी मुकुट आला. तिने पेटी उघडली.

पेटी रिकामी होती. 'शेवटची रिकामी केली: मंगळवार, सायंकाळी ६.४०.'

"आये, ही कचऱ्याच्या डब्याची खूण कुणी दाबली?"

"म्या."

"का?"

आईला प्रश्नच कळला नाही. "केर काढला की दिवा लावायच्या आत भाईर टाकायचा. रातभर घरात ठिवायचा न्हाई. लाल ठिपका आला व्हता त्या डब्यावर. म्या रोजच टाकती."

"अडाणी ती अडाणीच," सुलक्षणा म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

आईने पदराने तोंड पुसलं.

"केरसुणी दाब म्हणून तूच सांगितलंस. रोज फोनवर इचारायचीस, आज दाबली का म्हणून. जेवलीस का, हे न्हाई इचारायचीस."

सुलक्षणा पुन्हा फोनकडे वळली. तिने कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं: तुमचा फोन आता पाचपट वेगवान आहे, आम्हाला पाच तारे द्या. तिने ॲप काढून टाकलं. जाता जातासुद्धा त्याने तीनदा विचारलं, नक्की का?

एक आवाज उरला होता. ॲपने ठेवलेला, एकेचाळिसावा, सर्वांत अलीकडचा. ऑपरेशननंतर घरी आल्यावरचा.

"लाव," आई म्हणाली.

आधी नुसता वारा. मग श्वास, गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखा जाणारा. हाक नाहीच. मग खडकावर काठी, तीनदा. पुन्हा श्वास. संपलं.

वर म्हशींनी माना उचलल्या. पुढची, शिंग मोडलेली, दोन पावलं खाली आली, कान पुढे काढून थांबली. पुढे काहीच आलं नाही, तशी ती वळली आणि चरू लागली.

"पुन्हा लावू?"

"नगं. त्येच्या त्येच हाकेला न्हाई यायच्या त्या."

आईने फोन सुलक्षणाच्याच हातात राहू दिला, खडकाला टेकवलेली म्हादूची काठी घेतली आणि दुखरा गुडघा एका हाताने दाबत उतार चढू लागली. सुलक्षणा मागून निघाली तेव्हा आईने न वळताच हात हलवून तिला थांबवलं. तू हितंच ऱ्हा, खाली आल्या की वाट अडव.

सुलक्षणा वाटेत उभी राहिली. वरून आईची काठी दगडांवर वाजताना ऐकू येत होती, दर खेपेला थोडी वेगळी.