भिंतीला पाणी

"भिंत बसली," बाबा म्हणाले. जणू पाहुणी सोफ्यावर बसली.

मी ताडपत्री उचलली. काल छातीएवढी असलेली भिंत खरोखरच मांडी घालून निवांत पसरली होती. बाबांच्या हातात नळी होती आणि नळीच्या तोंडावर अंगठा.

"बाबा, पाणी मारलंत?"

"रोज पहाटे मारतो. तू उठायच्या आत येऊन. तुझ्या लक्षात राहत नाही म्हणून."

"मातीची भिंत आहे ही!"

"म्हणून तर आज जरा जास्त मारलं. कोरडी वाटत होती."

बाबा जन्मभर सिमेंटचे ठेकेदार. सिमेंटला पाणी मारलं नाही की तडे जातात, हे त्यांच्या रक्तात इतकं भिनलेलं की आम्हा भावंडांनाही ते सकाळी तसंच उठवायचे. मी आर्किटेक्ट झाले आणि मातीची घरं बांधणार म्हणाले, तेव्हा त्यांनी अबोला धरला. आई नातेवाइकांना सांगायची, "थोरली चिखलात असते." आता या कामाचे कोर्स निघालेत, माझ्या वर्गातले निम्मे जण त्यातच आहेत. आई मात्र अजून मला चिखलातून बाहेर काढायला तयार नाही.

आणि हे माझं पहिलं स्वतंत्र काम. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आधी एक भिंत दाखव. पटली तर अख्खा दवाखाना मातीचा, नाही तर सिमेंट. भिंत बघायला त्या आजच येणार होत्या.

आल्याच. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. भिंत तरीही बसलेलीच होती.

"हे कसं झालं?"

"ताडपत्री माझ्याकडून सैल राहिली," मी म्हणाले.

बाबा खाकरले. आजवर त्यांच्या हातून काही बिघडलं की दोष वाळूचा असायचा. वाळू नसेल तर वाऱ्याचा.

"तिचं काही नाही. पाणी मी मारलं," ते म्हणाले आणि नळीकडे बघत राहिले.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग हा राडारोडा उचलून टाका. सोमवारी सिमेंटवाला येतोय."

"राडारोडा नाहीये हा. भिंतच आहे, फक्त आडवी," मी म्हणाले. "हीच माती मळून हीच भिंत पुन्हा उभी करणार."

"सोमवारपर्यंत?"

"गुडघ्याएवढी. त्याहून वर घाईने चढवली तर परत बसेल."

"गुडघ्याएवढ्या भिंतीचं मी काय करू?"

"बसा तिच्यावर."

इंजेक्शन नको म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निघून गेल्या. थांब म्हणाल्या नाहीत, पण कर असंही म्हणाल्या नाहीत. मी चपला काढल्या, पेंढा टाकला आणि चिखलात उतरले.

थोड्या वेळाने शेजारी पचाक असा आवाज झाला. बाबा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहरा एखाद्या उद्घाटनाला आल्यासारखा.

"हे तुडवायचं कसं?"

"रागाने."

"कुणावरच्या?"

"तुम्ही सिमेंटवर काढा. मी तुमच्यावर काढते."

त्यांनी थोडा वेळ मान खाली घालून तुडवलं. मग म्हणाले, "सिमेंटवर नाही येत गं मला राग."

"मग नुसतंच तुडवा."

सोमवारी सिमेंटवाला फाटकाशी गाडी चालूच ठेवून उभा राहिला. डॉक्टरबाईंनी भिंतीला आधी अंगठा लावला, मग टाच मारली. मग पदर सावरून त्या भिंतीवर बसल्या. बराच वेळ बसल्या. भिंत बसली नाही.

"गाडी बंद कर रे, धूर येतोय," त्या फाटकाकडे बघून म्हणाल्या. "नाही तर जा."

तो गेला.

मी वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या नळापाशी बाबा नळीचं वेटोळं करून त्यावरच बसले होते. कुणाला ती उचलता येऊ नये म्हणून, अगदी स्वतःलाही. एक टोक तेवढं बाहेर राहिलं होतं. ते कोरडं टोक त्यांच्या हातात होतं, आणि त्यावर अंगठा.