शिटी थांबलीच नव्हती

मित्रांनो, अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या एका तळघरात खिळ्याला टांगलेला जुना हेडफोन म्हणजे मी. डोक्यावरच्या पट्टीला चिकटपट्टी लावलेली आहे, पण आवाज अजून स्वच्छ आहे. ही फुशारकी नव्हे. हे ज्या दिवशी सिद्ध झाले, त्या दिवसाचा धक्का मला अजून पचलेला नाही.

माझा मालक रूबेन हॉगेन. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवून घरी आला, की बूट काढायच्या आधी तो मला कानांवर चढवायचा. जॅझमधल्या झांजांची बारीक किणकिण आली, की डोळे मिटून हसायचा. वीस वर्षे मी त्या हसण्यावर जगलो.

मग तो कुरकुरू लागला. "झांजा गेल्या. म्हातारा झालास गड्या!" त्याने माझी वायर बदलली, दोनदा कानांवर टेकणाऱ्या गाद्या बदलल्या, ॲम्प्लिफायर बदलला. दर वेळी आवाजाचे बटण मात्र थोडे पुढे सरकले.

बायकोलाही तो म्हणे, "मार्लिस, हल्ली तू पुटपुटतेस. तोंड उघडून बोल ना!"

"मी तोंड उघडलं तर तुला झेपणार नाही," मार्लिस म्हणे. तेही त्याला ऐकू जात नसे.

शेवटी त्याने अठराशे डॉलरचा हेडफोन घ्यायचे ठरवले. "आधी ऐकून तर बघ," मार्लिस म्हणाली.

गावातले हेडफोनवेडे मार्चमध्ये वाचनालयाच्या एका खोलीत जमतात आणि एकमेकांचे हेडफोन लावून बघतात. रूबेनचा मित्र व्हर्लिन याचा तिथे एक नियम आहे. डोळे बांधायचे आणि दोन्ही हेडफोनांचा आवाज मीटर लावून सारखा करायचा, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

रूबेनने माझ्यासोबत आपला ॲम्प्लिफायरही नेला होता आणि मार्लिसही आली होती. डोळ्यांवर मार्लिसचा स्कार्फ बांधून त्याने आधी मला ऐकले, मग नव्याला.

"थट्टा पुरे रे व्हर्लिन! दोन्ही वेळा माझाच म्हातारा लावलास ना?"

"नाही. दुसरा अठराशेचा होता."

सगळे हसले. व्हर्लिन हसला नाही. त्याने मला पुन्हा रूबेनच्या कानांवर ठेवले आणि सूर हळूहळू वर चढत जाणारी एक बारीक शिटी सुरू केली. "ऐकू येईल तोवर बोट वर ठेव."

बोट लवकरच खाली आले. "संपली."

मी चक्रावलो. शिटी संपली नव्हती! मी ती जीव तोडून वाजवत होतो.

व्हर्लिनने गुपचूप मला काढून मार्लिसच्या कानांवर ठेवले. तिचे बोट वर गेले आणि वरच राहिले. रूबेनने स्कार्फ सोडला आणि त्या बोटाकडे बघतच राहिला.

"अजून?"

"अजून," ती म्हणाली.

मग व्हर्लिनने रूबेनला त्याचे आवडते गाणे घरी लावतो तेवढ्या आवाजात लावायला सांगितले आणि माझ्या गादीला मीटर लावला. आकडा होता सत्त्याण्णव डेसिबल.

"रोज किती वेळ ऐकतोस?"

"तीन-चार तास."

"अरे बाबा, या आवाजाला दिवसाचा अर्धा तास पुष्कळ झाला. त्यापुढे कान जातात."

मित्रांनो, मी सुन्न झालो. झांजा माझ्यातून गेल्याच नव्हत्या. त्या रूबेनच्या कानांतून गेल्या होत्या. थोडा वाटा गाडीच्या इंजिनाचा असेल, पण उरलेला माझा होता. ज्या कामासाठी माझे कौतुक झाले, तेच काम करता करता मी त्याचे कान बिघडवले होते.

"म्हणजे तू पुटपुटत नव्हतीस?" रूबेनने विचारले.

"सहा वर्षं घसा फोडून तेच सांगतेय."

या वेळी कोणी हसले नाही.

नवा हेडफोन घेतला नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, की आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आता रूबेन कानात यंत्र घालतो. रविवारी ते काढून मला अर्धा तास लावतो. बटणावर मार्लिसने नखांच्या लाल रंगाने खूण केली आहे, त्या खुणेच्या पुढे तो जात नाही. झांजा त्याला ऐकू येत नाहीत. मी मात्र एकही गाळत नाही.

नवा हेडफोन जरूर घ्या, मित्रांनो. पण जुना मंद वाटू लागला, तर बटणाला हात लावण्याआधी तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कानांवर ठेवा आणि विचारा, "तुलाही असंच ऐकू येतंय का?" माझ्या गाद्या दोनदा बदलता आल्या. रूबेनला तसे नवे कान कुठे मिळणार?