दोन तास चाळीस मिनिटे

‘घटनेच्या वेळी, सकाळी अकरा वाजता, तळमजल्यावरील खोली क्रमांक सातमध्ये पुरेसा नैसर्गिक उजेड होता, सबब आरोपीने फिर्यादीच्या उजव्या हातावर नेम धरूनच इस्त्री मारली, हे उघड आहे.’

दोषारोपपत्रातले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यातल्या ‘सबब’ला एका म्हाताऱ्याची उरलेली वर्षे टांगली आहेत. हा उजेड तपास अधिकाऱ्याने पाहिला नव्हता. त्याने तो बिल्डरच्या अहवालातून उतरवून घेतला. बिल्डरने तो संगणकातून काढला होता. आणि संगणकात तो ज्याने घातला, तोच फिर्यादी.

आरोपी रफूगार. फाटलेले कापड असे जोडणारा, की मालकालाही जागा सापडू नये. बल्बखाली हे काम होत नाही; तिथे काळा आणि गर्द निळा धागा सख्खे भाऊ होतात. म्हणून जुनी इमारत पाडण्यापूर्वी त्याने एकच विचारले होते, “उजेड येणार का?” उजेडाचे गणित करणाऱ्या तंत्रज्ञाने पडद्यावर नव्या इमारतीचा नकाशा दाखवला. अंधाऱ्या खोल्या जांभळ्या, उजेडाच्या पिवळ्या. त्याला मिळणारी सात नंबर पिवळी.

“काका, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा दोन तास चाळीस मिनिटं!”

रंगावर विश्वास ठेवणे हा रफूगाराचा धंदाच. त्याने संमतीपत्रावर सही केली.

ताबा मिळेपर्यंत खिडकीपासून दहा हातांवर त्याच बिल्डरचे बावीस मजले उभे राहिले होते. पहिल्या महिन्यात निळ्या कोटाला काळी रफू झाली. गिऱ्हाइकाने कोट तोंडावर फेकला. दुसऱ्या महिन्यात सुई नखाखालून आरपार गेली. तिसऱ्यात गिऱ्हाईकच उरले नाही. अठरा अर्जांनंतर तंत्रज्ञ मोजमापाला आला.

“जपून हं, उंबरा आहे,” रफूगाराची बायको म्हणाली. “आम्ही आताशा पायांनीच बघतो.”

तंत्रज्ञाने उजेड मोजायचे यंत्र टेबलावर ठेवले. आकडा वाचला. यंत्र झटकून पुन्हा वाचला. मग त्याला आठवले, आणि दुर्दैवाने तो ते बोलून बसला.

“काका, समोरचा टॉवर... तो मी फाइलमध्ये बंद करून ठेवला होता. चालू असला की गणिताला तासन्‌तास लागतात. परत चालू करायचा राहिला.”

“राहिला?”

“एक क्लिक हो फक्त.”

“मग आताही कर की बंद. हा बघ, समोरच उभा आहे.”

तंत्रज्ञ हसला. कदाचित ओशाळून; पण अंधारात ओशाळलेपण दिसत नाही, हसणे तेवढे ऐकू येते.

रफूगाराने जुनी लोखंडी इस्त्री उचलली. पहिल्या घावात यंत्राच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसऱ्याने मनगट मोडून हाड कातडीबाहेर आले. तंत्रज्ञ गुरासारखा ओरडला. तिसरा घाव बायकोच्या दंडावर बसला.

“अहो, मी आहे! मी!” तेव्हा कुठे हात थांबला.

वकिलाने बजावले होते, “काका, तोंड उघडायचं नाही. अंधार होता हे मी सिद्ध करतो. उजेड नाही तर नेम नाही, नेम नाही तर हेतू नाही. शिक्षा निम्म्यावर येते.” परंतु बिल्डरचा अहवाल न्यायालयात मोठ्याने वाचला गेला, दोन तास चाळीस मिनिटांसकट. रफूगार पिंजऱ्यात उभा राहिला. त्याचा जबाब शब्दशः असा नोंदवला आहे:

“मारलं मीच. पण नेम हातावर नव्हता, साहेब, डोक्यावर होता. तीनदा धरला. मधे माझी बायको आली, तीसुद्धा दिसली नाही.”